डोहात उभी राहिलेली बाई

सत्तरच्या दशकात मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होतो. सायकलवरून जाताना वेदगंगेच्या डोहापाशी साठीची एक बाई रोज धुणं धुताना दिसायची. लुगडं पिळता पिळता ती पाण्याकडे बघत काहीतरी पुटपुटायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

थंड, वाहत्या पाण्यातले हातभर लांब खडस मासे पूर्वी त्या डोहात असत. लोक सुरुंग टाकून मासे मारू लागले आणि खडस दिसेनासे झाले.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी दोन तरुण सुरुंग घेऊन आले. बाई धुणं तसंच टाकून छातीभर पाण्यात जाऊन उभी राहिली.

"आक्का, बाजूला व्हा की!"

"न्हाय व्हत. पोटुशी मासळी हाय आत. पाणी चढलं की वर खडकाळीत जाऊन अंडी घालती. टाकायचं आसंल तर माझ्यावर टाका."

मीही सायकल टाकून काठावर गेलो. तरुण घुटमळले आणि माघारी फिरले. ती कुडकुडत बाहेर आली नि मला म्हणाली, "बाळंतपण हाय त्येंचं. एवढं तरी थांबावं का न्हाई?"

ही गोष्ट गावभर झाली आणि गावानंच तिथं सुरुंग बंद केला. काही वर्षांनी डोहात पिल्लांचे थवे दिसू लागले.

एकदा मी थांबून म्हणालो, "आक्का, लई झाली की मासळी!"

"व्हय की. पायाला टोचत्यात मेली, धुणं धुऊ देईनात," ती म्हणाली. पण पाय काही तिनं पाण्यातून काढले नाहीत.