कॅनमधलं पाणी

आमच्या लातुरात भरलेला कॅन उघड्यावर दिसला की माणूस आधी तो उचलून आत नेतो, मग कुणाचा ते विचारतो. नळाचा भरवसाच तसा. या सवयीनं आमच्या घरात काय होऊन बसलं ते सांगते.

पोराचं गॅरेज घराला लागूनच. टर्बोच्या गाड्यांवर तो एक वेगळं काम करतो. ओझं घेऊन चढ चढताना इंजिनात जाणारी हवा लई तापते. तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचा बारीक फवारा सोडला की ती गार होते, गाडी जोर धरते. सोयाबीनच्या फवारणी पंपाला असतं तसंच इवलंसं नोझल. त्याचा फवारा तो आधी काचेच्या बरणीत सोडून बघतो. धुक्यासारखं उडालं तर बरं. थेंब गळले तर खोलायचं, धुवायचं, परत लावायचं. मिथेनॉल म्हणजे इख, डोळे जातात, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण बोलण्यात सगळे त्या मिश्रणाला पाणीच म्हणायचे. पाणी भर, पाणी संपलं.

त्या दिवशी हदगावचे एक गिऱ्हाईक त्यांची पिकअप घेऊन आले होते. फवारा बसवून झाला, आणि दोघं नांदेड रस्त्याला गाडी चालवून बघायला निघाले. जाताना पोरगं आमच्या ह्यांना म्हणालं, "दादा, कॅनमधी पाणी हाय, ध्यान ठेवा."

परत आल्यावर गिऱ्हाईक आत आले. "काकू, पाणी द्या बरं, घसा सुकून राहिला." मी माठातून पेला भरून दिला. बाहेरून पोराचा आवाज आला, "दादा, कॅनमधलं पाणी कुठंय?"

"माठात वतलं की. तळाला गेलता माठ."

पोरगं धावत आत आलं आणि गिऱ्हाइकाच्या ओठापाशी गेलेला पेला त्यानं हातानं उडवला. पेला खणखणत पलंगाखाली गेला. मी ह्यांच्याकडं बघितलं.

"तुम्ही प्यालात?"

"दोन घोट. मिळमिळीत लागलं."

मी ह्यांना दंडाला धरून उठवलं. त्याच पिकअपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त घेतलं, सलाईनमधून उताऱ्याचं औषध सोडलं. म्हणाले, "लवकर आणलंत. पण डोळ्यांचं उद्यापर्यंत सांगता येत नाही."

हे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. लांबून गाडीची पाटी वाचायची यांना भारी हौस. खाट खिडकीशी होती, समोर रस्ता. एसटी दिसली की मी विचारायची, "कुठली हो?"

"उदगीर."

थोड्या वेळानं, "आणि ही?"

"नांदेड. तू काय तिकीट काढायलीस का?"

एकदा म्हणाले, "दिसंना." डॉक्टरांना हाक मारायला तोंड उघडलं, तर म्हणतात, "ट्रक आडवा हाय मधी."

मला हसू आलं नाही. त्यांनी डोळे मिटले की वाटायचं, उघडल्यावर ह्यांना काहीच दिसलं नाही तर? पोरगं भिंतीला टेकून बसलेलं, नखं खात. मला त्याला रागवायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, बोटं मोजायला लावली, रक्ताचा रिपोर्ट वाचला. म्हणाले, "वाचले तुम्ही." तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. मी ह्यांच्या तोंडापाशी वाकले. "मी नीट दिसते का?"

"टिकली भुवईवर घसरलीय तुझी," हे म्हणाले. "कालधरनं बघायलोय. सांगावं का न्हाई म्हणून गप बसलो."

आता गॅरेजात त्या मिश्रणाला पाणी कुणी म्हणत नाही. इख म्हणतात. हदगावचे तेच गिऱ्हाईक परवा ह्यांना फोनवर मोठ्यानं म्हणत होते, "दादा, गाडीतलं इख संपून राहिलं, कधी येऊ?" हे हसले. मी तेव्हाही हातातला पेला ह्यांना द्यायच्या आधी नाकाशी धरला होता.