बन्सी कंडक्टरची एक घंटी

बन्सी कंडक्टरच्या घंटीवर ड्रायव्हर लोकांचा डोळे मिटून भरवसा. दोरी एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की निघायचं. अठरा वर्षांत त्यात कधी चूक झाली नव्हती. पण चौऱ्याहत्तर साली औरंगाबादहून देवगाव रंगारीला जाणारी गाडी त्याच्याकडं आली आणि ही सगळी अब्रू पणाला लागली.

वेरूळ मागं पडलं की एक फाटा यायचा. दोन बाभळी आणि एक रिकामी पाणपोई, बाकी काही नाही. तिथं आलं की बन्सीचा हात वर जायचा आणि घंटी वाजायची. एकच! फारूख ड्रायव्हर करकचून ब्रेक मारायचा, मान वळवायचा.

"बन्सीभाऊ, कौन उतरता?"

उतरणारं कुणी नसायचं, चढणारंही नसायचं. "हात लागला," म्हणत बन्सी घाईघाईनं दोन घंट्या द्यायचा. एकदा झालं तर ठीक होतं. पण आठवड्यात चौथ्यांदा झालं तेव्हा प्रवासी फाटा जवळ येताच सीटच्या दांड्या घट्ट धरून बसू लागले. एका म्हातारीनं तर बाभळीवर हडळ आहे म्हणून लिंबू उतरवायला सांगितलं.

हडळ नव्हती, बहीण होती. फाट्यापासून हाकेच्या अंतरावर सारजाबाईची वस्ती. आई गेल्यावर हिनंच बन्सीला लहानाचं मोठं केलेलं, आणि तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद. कारण काय, तर बन्सीच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत सारजाबाईच्या नवऱ्याचं, पुंजाराम दाजींचं नाव नव्हतं. आपल्याकडं लग्नपत्रिका म्हणजे निम्मं आमंत्रण आणि निम्मी भावकीची हजेरी. मावसभावाचा साडू त्यात होता, साडूचा चुलता होता, आणि सख्खे दाजी तेवढे गळाले होते! नावांची यादी लिहिली होती खुद्द बन्सीनं.

"इसरलो, आक्का. तुझी शपथ," तो तेव्हा म्हणाला होता.

"हात असा आपल्याआप इसरत नसतो, बन्सी. आतून कुणीतरी इसरायला लावतं," सारजाबाई म्हणाली आणि भाचीच्या लग्नाला आली नाही. मग बन्सीही पेटला. मला खोटं पाडलं ना? तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन तर नाव सांगणार नाय!

फारूखला हे भांडण ठाऊक होतं. एका दुपारी देवगावला चहा पिताना त्यानं निदान करून टाकलं. "ये हाथ की गलती नहीं, बन्सीभाऊ. तुमाला बहिणीकडं जायचंय. तोंड कबूल करंना, म्हणून हात घंटी मारतोय."

बन्सी असा भडकला की अर्धा चहा तसाच टाकून उठला. एवढं चिडायला काय झालं, हे फारूखला कळेना. बन्सीला मात्र चांगलंच कळलं होतं. घंटी आतल्या मनानं मारली असं म्हणावं, तर यादी लिहिणारा हातही त्याच मनाचा. म्हणजे आक्का खरी! बहीण हवी तर 'इसरलो' सोडावं लागणार, आणि 'इसरलो' धरून ठेवलं तर बहीण गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं उजवा हात खिशात कोंबून ठेवला. फाट्यावर डाव्या हातानं घंटी दिली. फारूखनं या वेळी मान न वळवता सरळ इंजिन बंद केलं, म्हणून तर बन्सीला जास्तच लाज वाटली.

उभ्या गाडीत त्याला एकाएकी ती पंगत आठवली. यादी लिहिण्याच्या आठवडाभर आधी एका बारशाला दाजी भरल्या पंगतीत म्हणाले होते, "आमचे मेव्हणे लई मोठे साहेब. दोरी ओढायचा पगार घेत्यात." सगळे हसले, बन्सीही हसला. ते आपण तिथल्या तिथं विसरलो, असंच तो आजवर समजत आला होता. आता आठवलं, तर कालच ऐकल्यासारखे कान तापले.

सुट्टीच्या दिवशी साधे कपडे घालून, दुसऱ्या कंडक्टरकडून तिकीट काढून तो फाट्यावर उतरला. सारजाबाई अंगणात तूर पाखडत होती. तिनं पाहिलं, पण उठली नाही. बन्सी चप्पल न काढता तसाच उभा राहिला.

"आक्का, दाजींचं नाव मी इसरलो नव्हतो. म्हंजी, मला वाटलं इसरलो. पण त्या दिवशी पंगतीत लई लागलं व्हतं मला. त्यापायी गाळलं."

सारजाबाईचं सूप थांबलं.

"मला ठावं व्हतं रे. पंगतीत सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलास. लहानपणी मार बसला की असाच हसायचास." तिनं पदरानं डोळे पुसले. "तवाच धन्याला गप करायला पायजे व्हतं मी. पर मी बी हसले. मग तीन वर्सं तुझ्यावरच राग धरून बसले, म्हंजी मला माझा राग यायला नको."