उलटं घड्याळ

काल भाचीला घेऊन तिच्या नर्सिंगच्या क्लिनिकल पोस्टिंगचं सामान घ्यायला लातूरच्या दुकानात गेले होते. कात्री, टॉर्च, काळे बूट झाले. मग दुकानदाराने छातीवर लटकवायचं घड्याळ समोर ठेवलं. त्याच्या नव्या रबराचा वास आला आणि मी थेट नांदेडच्या वॉर्डात जाऊन उभी राहिले.

माझ्या पोस्टिंगचा पहिला दिवस होता. नाडी बघायला देगलूरच्या एका आजीचा हात धरला, पण ठोक्यांची मोजणी दोनदा चुकली. तिने माझ्या छातीकडे पाहिलं.

"आगं माय, घड्याळ उल्टंच लावलीस की! लोकं हसतील ना. थांब, हालू नको."

बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून तिने ते घड्याळ सुलटं करून एप्रनला पक्कं टाचलं. खाली बघून आपल्याला वाचता यावं म्हणून ते उलटंच असतं, हे काही मला सांगवेना.

"हां, आता बघ नाडी," म्हणत तिने स्वतःच मनगट पुढे केलं. उलट्या दिसणाऱ्या काट्यावर मी ठोके मोजले. या वेळी मोजणी चुकली नाही.

"मावशी, हे उलटं का गं?" दुकानातलं घड्याळ हातात घेत भाचीने विचारलं.

कारण सांगितलं आणि म्हटलं, "पण कुणी सुलटं करून दिलंच, तर दिवसभर तसंच राहू दे."