सायकलच्या हँडलची पिशवी

लग्न होऊन मी दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा घरात बाजारासाठी एकच कापडी पिशवी होती. ती माझ्या ताब्यात असायची, पिठाच्या डब्यावर घडी करून ठेवलेली. नवरा शेडमध्ये फिटर होता. ड्युटीवरून यायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा, चहा प्यायचा आणि सायकल पुन्हा बाहेर काढण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचा, "पिशवी दे. काय आणायचं हाय?"

मग मी सांगायची. मेथी बघा, कोवळी असली तरच घ्या. वांगी नकोत, परवाच झाली. लिंबं चार, पातळ सालीची. तो मान डोलवायचा आणि जायचा. माझ्या सांगण्यातलं निम्मं विसरून यायचा ते सोडा, पण उभा राहून ऐकायचा. दिवसभरात त्या घरात मला विचारलेला तो एकच प्रश्न असायचा. बाकी सगळं मला सांगितलं जायचं.

माझं माहेर शिरूरजवळचं. आठवड्याच्या बाजाराला मी वडिलांबरोबर शिरूरला जायची, अगदी बारावीला होते तेव्हासुद्धा. गवार मोडून बघायची, भाव पाडून मागायचा, भाजीवालीनं डोळे वटारले की हसून पुढं सरकायचं, हे मला येत होतं. दौंडचा बाजार आमच्या क्वार्टरपासून चालत पंधरा मिनिटांवर. लग्नानंतर चार वर्षं मी तो पाहिला नव्हता. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "आमच्यात बायका बाजारात जात न्हाईत. आणायला माणूस हाय की घरात." त्या रागावल्या नव्हत्या. पाणी कुठं भरायचं, केरसुणी कुठं ठेवायची, त्याच सुरात हेही सांगितलं.

दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं मोरी आणि मोरीमागं गटार. दौंडला गाडी बदलून लोक कुठून कुठं जातात. मी त्या गाड्यांचे आवाज ऐकत भाकरी थापायची. कुठली गाडी आली आणि कुठली गेली हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं, आणि त्या हुशारीचा मला राग यायचा. कोंडल्यासारखं व्हायचं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण मला कुणी कडी लावून कोंडलेलं नव्हतं. दार तर दिवसभर उघडंच असायचं.

मग कॅरीबॅगा आल्या. सुरुवातीला कापडाच्या दुकानात, मग किराण्याच्या, मग भाजीवाल्यांकडं. पातळ, कांद्याच्या सालासारख्या. फुकट. नवरा ड्युटीवरून येताना वाटेतच बाजार करून यायला लागला. कोथिंबीर एका पिशवीत, टोमॅटो एकात, दही एकात, सगळं हँडलला लटकवलेलं. खरं सांगते, पहिले काही दिवस मला बरंच वाटलं. त्याची एक फेरी वाचली, संध्याकाळी घरात बसायला लागला.

एका आठवड्यात तिसऱ्यांदा वांगी आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मेथी का नाही आणली?" मी विचारलं.

"तू सांगितलं न्हाईस."

"तुम्ही विचारलं कुठं?"

"विचारायला आधी घरी यावं लागतं. बाजार वाटंत हाय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. चुकीचं बोलणाऱ्याशी भांडता येतं.

पुढं घरात कॅरीबॅगांचा नुसता सुळसुळाट झाला. गादीखाली, फळीवर, मोरीच्या कोनाड्यात. सासूबाईंना त्या टाकवत नसत, म्हणून त्यांनी त्यांचा एक उपयोग शोधला. सकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला त्या रॉकेलऐवजी कॅरीबॅग वापरायला लागल्या. एक पेटती पिशवी लाकडांवर धरायची, तिचे थेंब टपटप पडायचे, की बंब धडाडून पेटायचा. "रॉकेल वाचतंय," म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावून खोकत बसायच्या. खोकल्याचा दोष मात्र दौंडच्या हवेला. उरलेल्या पिशव्या मागच्या गटारात जायच्या. एक दिवस गटार तुंबलं आणि पाणी उलटं मोरीत आलं. मी ते बादल्यांनी उपसलं आणि हातात गोळा आला तो सगळा कॅरीबॅगांचा.

त्या गोळ्यावरून मी घरात भांडण काढलं. म्हणाले, ह्या घरात यापुढं प्लॅस्टिकची पिशवी येणार नाही. बंबाचा धूर, सासूबाईंचा खोकला, तुंबलेली मोरी, सगळं एका दमात मोजून दाखवलं. सगळं खरंच होतं. पण मला पृथ्वीची काळजी लागली होती असं कुणी समजू नये. नवऱ्यानं पिशवी मागायला घरी यावं आणि दारात उभं राहून विचारावं, एवढंच मला पाहिजे होतं. ते तोंडानं मागायची लाज वाटत होती. बायकोनं नवऱ्याकडं काय मागावं, तर एक प्रश्न? म्हणून मी गटार पुढं केलं.

जुनी पिशवी विरली होती. नवऱ्याच्या ड्युटीच्या निळ्या पँटचा गुडघ्याखालचा भाग अजून दणकट होता, त्याची मी पिशवी शिवली. ती त्यानं उलटसुलट करून पाहिली.

"माझ्याच पँटीची पिशवी माझ्याच हातात?"

"तुमच्या मापाची आहे," मी म्हणाले.

शेडमधल्या लोकांनी त्याला सोडलं नाही. अर्धी पँट हँडलला लावून फिरतोय म्हणून आठवडाभर चिडवलं. तो पिशवी घडी करून जेवणाच्या डब्याखाली लपवायचा आणि संध्याकाळी पुन्हा कॅरीबॅगा घेऊन यायचा. मी रोज पिशवी द्यायची, ती रोज तशीच कोरी परत यायची. मीही हट्टाला पेटले होते. कॅरीबॅगेतून आलेली भाजी पितळीत काढायची आणि ती रिकामी पिशवी धुऊन त्याच्या डब्याच्या पिशवीत घालायची. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये चारचौघांत डबा उघडला की आधी ती बाहेर यायची.

शेवटी त्याला माझ्या बोलण्यानं नाही, सायकलनं वठणीवर आणलं. हँडलला लटकवलेली दह्याची पिशवी झोके खात पुढच्या चाकाच्या तारांत गेली. शेडच्या गेटसमोर, पाळी सुटायच्या वेळेला. दही, टोमॅटो आणि तो स्वतः, सगळं रस्त्यावर. घरी आला तो पँटवर दही घेऊनच. दुसऱ्या दिवशी निळी पिशवी त्यानं स्वतःहून मागून घेतली.

एकदा मनावर घेतलं की तो माणूस अर्धवट काही करत नाही. दुधाला किटली न्यायला लागला, मटणाला झाकणाचा स्टीलचा डबा, दह्याला छोटी बरणी. भाजीवाल्यानं कॅरीबॅग पुढं केली की, "नगं. पिशवी हाय आपली," असं चारजणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा. सासूबाईंचा बंब पुन्हा रॉकेलच्या चिंधीवर पेटायला लागला आणि खोकला खरंच कमी झाला. शेजारच्या क्वार्टरमधल्या भाभी त्यांच्या नवऱ्याला सांगायच्या, बघा, त्यांच्याकडं बघून जरा शिका. कॉलनीत माझं कौतुक झालं. बाईनं घराला वळण लावलं म्हणे.

आणि त्या पिशवीला त्यानं दोरी ओवली. हँडलला पक्की गाठ मारून ती तिथंच ठेवायला लागला. ड्युटीवर जाताना हँडलला, येताना हँडलला, मधे बाजार. विसरायचा प्रश्न नाही, मागायचा प्रश्न नाही. सवय म्हणजे कशी असावी, तर अशी. मी रोज संध्याकाळी भरलेली पिशवी उतरवून घ्यायची, आतली भाजी काढायची, पिशवी झटकायची, आणि तो ती पुन्हा बांधून टाकायचा. ही सगळी सवय माझ्याच हातची होती. वर्षभर खपून मी ती लावली होती, आणि मला जे पाहिजे होतं त्याला तिच्यात कुठंच जागा उरली नव्हती. त्या दिवसांत मी वांगी खूप चिरली.

एकदा सासूबाई लोकलनं केडगावला लेकीकडं गेल्या होत्या. त्याच दिवशी सायकल पंक्चर, म्हणून नवरा चालत ड्युटीवर गेला. पिशवी व्हरांड्यात हँडलला तशीच. भाभी बाजाराला निघाल्या होत्या. त्यांचे मिस्टर गार्ड, दोन-दोन दिवस बाहेर, त्यामुळं बाजार त्यांच्याकडंच. मला व्हरांड्यात पाहून म्हणाल्या, "चल गं. बाजार काय खातो का तुला?"

मी गाठ सोडायला गेले तर सुटेना. दातानं सोडली. कुलूप लावताना मी इकडंतिकडं बघितलं, जसं काही चोरी करून चालले होते. पंधरा मिनिटं म्हणतात ती दहाच निघाली. बाजारात मी गवार मोडून बघितली, मेथीच्या जुडीची काडी नखानं दाबून बघितली, एका म्हातारीशी भाव केला आणि तिनं डोळे वटारले. मला इतका आनंद झाला की भाभी म्हणाल्या, हसतेस काय एकटीच? घरी येऊन मी मेथी निवडली, गवार फोडणीला टाकली आणि त्याची वाट बघत बसले. आज सांगायचं ठरवलं होतं. मी बाजारात गेले होते, आणि मला जायचं असतं, असं सरळ.

तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत कॅरीबॅगा होत्या. वांगी, बटाटे, कोथिंबीर. दुपारून त्यानं शेडमधल्या कुणाला तरी हँडलची पिशवी आणायला घरी पाठवलं होतं. हँडलला पिशवी नव्हती आणि घराला कुलूप होतं.

"पिशवी कुठं गेली?" त्याचा चेहरा पडला होता. "मला ह्या घ्याव्या लागल्या. वरीस झालं घेतल्या नव्हत्या."

"मी नेली. बाजारात गेले होते. मेथी आणलीय."

त्यानं मेथीकडं बघितलं, मग हातातल्या कॅरीबॅगांकडं. बाजारात का गेलीस, असं तो म्हणाला नाही. आईला सांगतो, असंही नाही. त्यासाठी मी उत्तरं तयार ठेवली होती.

"मला कुणी विचारत नाही," मी म्हणाले. "काय आणायचं, काय नको. तुम्ही आधी विचारायचात."

त्याला माझं ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं. खरंच विचार करत होता. मग त्यानं कॅरीबॅगा रिकाम्या केल्या, घडी करून फळीवर ठेवल्या आणि म्हणाला, "चूक माझी हाय. एकच पिशवी, आन् तिच्यावर सगळा भार. तू आनखी एक शीव. एक धुण्यात गेली तरी दुसरी हँडलला ऱ्हाईल."

सासूबाई केडगावहून परत आल्यावर मी मशीनवर बसले. तळाला दुहेरी शिवण घातली, कारण वाईट काम माझ्यानं होत नाही. त्यानं दोन्ही पिशव्या हँडलला बांधून बघितल्या, ओढून बघितल्या आणि समाधानानं माझ्याकडं वळला.

"आता तुला पिशवी द्यायला कवाच उठाया नगं," तो म्हणाला.

हे त्यानं मायेनं म्हटलं होतं, म्हणून मला भांडताही आलं नाही.