वामनच्या बापाचा आवाज

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या पगारापासून पोटदुखीपर्यंत सगळं ठाऊक असतं. आज लिहायला बसलो खरा, पण दोनदा उठून पाणी पिऊन आलो. एकदा उगाच दाराची कडी तपासली. भर दुपारी कोण येणार आहे?

अमरावतीत मला रेकॉर्डवाला म्हणून ओळखतात. लोक घरी येतात, कुणी परतवाड्याहून, कुणी थेट पातूरहून. कपाटं बघतात, चहा पितात आणि म्हणतात, काय हो तुमची ही साधना! साधना. हा शब्द कानावर पडला की मला तिथून उठून जावंसं वाटतं. मी जात नाही. मान खाली घालून हसतो, आणि त्यांना तो विनय वाटतो.

मी मुळात गाण्याचा वेडा, एवढंच. आमच्या गावात गाणं म्हणजे लग्नातला भोंगा. भोंगेवाला आला की मी पंगत सोडून त्याच्या मशीनपाशी बसायचो. पुढे अकोल्याला एका सरकारी कचेरीत चिकटलो, आणि तिथे शेजारच्या टेबलावर वामन होता. त्याच्या घरी चावीचा फोनो होता. दर रविवारी मी त्याच्याकडे जायचो. तो चावी भरायचा, मी पिन बदलायचो, आणि दुपार कशी सरली ते कळायचं नाही. तेव्हा माझ्याकडे एकही रेकॉर्ड नव्हती, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. खरं सांगायचं तर गाणं मी ऐकलं ते तेव्हाच.

वामनचं घर बौद्ध. धर्म घेऊन त्यांना तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं घर कुणब्याचं, आणि आईचे नियम जुनेच. मी वामनकडे बिनदिक्कत जेवायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो. तो आमच्या गावी आला तेव्हा आईने त्याला वेगळ्या कपात चहा दिला. त्याने तो मुकाट्याने प्यायला. मी बघितलं — आणि बोललो नाही. पण मला सांगायचं आहे ते हे नव्हे. की हेच आहे? सुरुवात इथूनच झाली का? कोण जाणे.

वामनचे वडील भजनं म्हणायचे. वामन लहान असताना नागपुरात कुठल्याशा कंपनीची माणसं आली होती, तेव्हा त्यांचीही एक रेकॉर्ड निघाली. एका बाजूला विठ्ठलाचं भजन, दुसऱ्या बाजूला गौळण. ती काही खपली नाही. थोड्याच दिवसांत वडील तापाने गेले. घरात त्यांचा फोटोसुद्धा नव्हता. होती ती ही एक रेकॉर्ड; घरातली माणसं तिला तवा म्हणायची. भजनात दुसऱ्या कडव्याच्या आधी ते जरासे खोकतात. गाणारा माणूस मशीनपुढे खोकला म्हणजे रेकॉर्ड वाया गेली, पण कंपनीने ती तशीच काढली होती. वामनची आई — तिला मीही मायच म्हणायचो — त्या जागी दर वेळी हसायची. तेवढ्यापुरता तिचा नवरा घरात असायचा.

आता अडचण अशी झाली, की वामनने धर्म मनापासून घेतला होता. घरातले देव त्याने स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. देव सोडले, मग देवाचं भजन घरात कसं ठेवायचं? वस्तीतली माणसंही विचारायची. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्याला स्वतःलाच ते टोचत होतं. एका रविवारी मायलेकांचं माझ्यासमोरच वाजलं. माय म्हणाली, “मी काई देवाले नाई आयकत. मी तुह्या बापाले आयकतो.”

वामन चपला घालून बाहेर निघून गेला.

त्याच सुमारास माझी बदली अमरावतीला झाली. निघायच्या दिवशी वामन स्टेशनवर आला, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली रेकॉर्ड माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “काई दिवस तुह्यापाशी ठेव. माह्या मनाचं काय ते ठरू दे. मायले पाह्यजे म्हनलं का घेऊन जाईन.”

म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. त्याने मला ती दिली नव्हती. त्याने ती माझ्याकडे ठेवली होती. हा फरक मला तेव्हाही कळत होता.

अमरावतीत एक वकीलसाहेब होते. रविवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डी जमवणाऱ्यांची बैठक भरायची. मोठी माणसं. ती ऐकत कमी आणि दाखवत जास्त. ही कुणाकडे आहे, ती कुणाकडे नाही, बोलणं तेवढंच. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसायचो, मला कुणी काही विचारायचं नाही. एका रविवारी मी ते फडकं बरोबर घेऊन गेलो. का नेलं? मिरवायला. दुसरं काय!

भजन वाजलं, आणि वकीलसाहेब पुढे सरकून बसले. दुसऱ्यांदा लावायला लावलं. मग म्हणाले, ही कुणाजवळ असल्याचं मी ऐकलेलंसुद्धा नाही, तुम्हाला कुठे मिळाली? सगळे माझ्याकडे बघत होते. दोन शब्दांचं उत्तर होतं — मित्राची आहे. मी म्हणालो, “माझीच आहे.” पुढच्या रविवारी माझी खुर्ची आत सरकली होती. मी जमवणारा झालो तो त्या दिवशी. पूर्वी मला वाटायचं, हे गाणं सगळ्यांनी ऐकावं. आता वाटायला लागलं, बरं झालं हे कुणाकडे नाही.

काही महिन्यांनी वामनचं पत्र आलं. माय जेवत नाही, तिला ती रेकॉर्ड हवी आहे. माझंच चुकलं, वस्तीला काय सांगायचं ते मी बघून घेईन, या रविवारी येतो.

मी काय केलं? उलट टपाली कळवलं, की रेकॉर्ड फुटली. हातातून निसटली, फार वाईट वाटतं, वगैरे. मी स्वतःला समजावत होतो, की त्यांच्याकडे ती राहायची नाही, त्या घरात अशा वस्तूची किंमत कुणाला असणार, माझ्याकडे निदान जपली जाईल. ‘त्या घरात.’ ज्या घरात माझे कान तयार झाले, त्या घराबद्दल मी हा विचार केला. तो कुठून आला ते मला पक्कं माहीत आहे. आईच्या त्या वेगळ्या कपातून आला. मी स्वतःला तिच्यापेक्षा वेगळा समजत होतो, एवढीच माझी मजल.

वाटलं, सुटलो. पण वामनचं दुसरं पत्र आलं — माय म्हणते, तुकडे तरी आणून दे.

हे मला सुचलंच नव्हतं. फुटलेली रेकॉर्ड कोण परत मागतं? आता तुकडे दाखवणं भाग होतं. माझ्याजवळ त्याच कंपनीची, विनोदी नकलांची एक चीर गेलेली रेकॉर्ड होती. बायको माहेरी होती. मी दोन्ही रेकॉर्डी परातीत पाण्यात भिजत घातल्या आणि नखांनी दोन्हींचे मधले गोल कागद सोडवत बसलो. वामनच्या वडिलांचं नाव होतं ते कागद अर्धे फाटले. बरंच झालं, फुटलेल्या मालावर फाटकाच कागद शोभतो. ते मी खळीने नकलांच्या रेकॉर्डवर चिकटवले, वाळवले, आणि ती रेकॉर्ड उंबरठ्यावर आपटली. पहिल्यांदा फुटली नाही. पुन्हा आपटावी लागली.

तुकडे घेऊन मी अकोल्याला गेलो. मायने ते पदरात घेतले. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. तिने एकेक तुकडा उचलून बोटाने रेषा चाचपल्या आणि विचारलं, “बापू, एखांद्या तुकड्यातून थोडंसंक तरी नाई का रे निंगनार?”

नाही म्हणालो. ते मात्र खरंच होतं.

मग ती वामनकडे वळून म्हणाली, “तूच धाडला न घराबाहेर.” मला एका शब्दाने बोलली नाही. वामन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच क्षणी बोलायला हवं होतं, नाही का? अमरावतीला घरी ती रेकॉर्ड आहे, शाबूत आहे, पहिल्या गाडीने आणतो — एवढं बोललो असतो तर त्याने मला जोड्याने मारलं असतं, आणि ते फिटलं असतं. मी चहा प्यायलो. त्यांच्याकडे सगळ्यांचे कप सारखेच होते.

पुढच्या महिन्यात वामन बडनेऱ्याच्या स्टेशनवर उतरून टांग्याने माझ्या दारात आला. बरोबर फोनो आणि घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या रेकॉर्डी. म्हणाला, “घरी आता कोन आयकते? तुह्याकडे नीट राहीन.” हा माझा संग्रह! लोक ज्याला साधना म्हणतात, त्याचा पाया हा असा पडला. मी त्या घेतल्या. नको म्हणायचं मला सुचलं, पण हात आधीच पुढे झाले होते.

आणि गंमत बघा — ती रेकॉर्ड आता बिनकागदाची, बोडकी. वकीलसाहेबांच्या बैठकीत नेणार कशी? तिथेही फुटली म्हणूनच सांगितलं. जिच्यासाठी सगळं केलं ती कुणाला दाखवता येईना. घरात कुणी नसलं की लावायची, तीही भोंग्यात टॉवेल कोंबून.

त्यानंतर काही वर्षांनी मायच्या डोळ्याचं ऑपरेशन अमरावतीला झालं. परतीच्या आधी एक दिवस ती माझ्याकडे राहिली. वामन औषधं आणायला गेला होता. डोळ्यांवर हिरवी पट्टी, भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, “फोनो हाये ना आमचा? लाव काई बी.” कपाट माझ्या पाठीशी होतं. मी काय काढतो ते तिला दिसणार नव्हतं. कागद आहे की नाही, दिसणार नव्हतं. फक्त ऐकू येणार होतं. मी कपाट उघडलं. ते फडकं हातात घेतलंसुद्धा. मग दुसरीच एक रेकॉर्ड लावली, कुणा बाईची. माय शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, “बरी म्हनते.”

माय गेल्या उन्हाळ्यात गेली. ही रेकॉर्ड मी अजूनही वाजवतो. आता ती फार घासली आहे, खरखरीतून शब्द शोधावे लागतात.

मागच्या आठवड्यात वामन आला होता. दोघंच बसलो होतो. बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, “मायनं मले त्या तव्यासाठी कधीच माफ नाई केलं. जातापर्यंत नाई. मीच धाडला न तो घराबाहेर.” मोठा माणूस, केस पिकलेले, आणि डोळ्यांतून पाणी.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, “जाऊ दे वामन. किती दिवस मनाले लावून घेशीन?”