सुमतीबाई आणि शाळेमागचं तळं

"हे कुणी बनवलं?" डोंबिवलीच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले, त्या पहिल्याच दुपारी सुमतीबाईंनी माझ्या डब्यातल्या थालीपिठाकडे बोट दाखवून विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

"तुम्ही भाजलंत हो. बनवलं ते ज्वारीच्या पानांनी, उन्हावर. बाकी आपण सगळे आयते जेवणारे!" असं म्हणून त्यांनी निम्मं थालीपीठ उचललं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. सुमतीबाई शास्त्र शिकवायच्या. शाळेमागच्या तळ्याकाठी मुलांना उकिडवं बसवून, शेवाळ कोणते किडे खातात, त्या किड्यांना कोण गिळतं, माशांवर कुणाचा डोळा, हे दाखवायच्या. त्यांची साखळी बगळ्यापाशी संपे.

त्या वर्षी हिवतापाने शाळेतली दोन मुलं गेली. तळ्यात औषध टाकायचं ठरलं. बाई म्हणाल्या, "डासांबरोबर मासेही मरतील. आधी गप्पी मासे सोडून बघू या ना."

"बाई, तेवढा वेळ आहे का आपल्याकडे?" शाळेच्या चिटणीसांनी विचारलं. बाईंनी पुढे हट्ट धरला नाही. त्यांचे यजमान हिवतापानेच गेले होते.

औषध पडलं आणि मासे उलटे होऊन तरंगू लागले. खाडीकडच्या मिठागरात राबणारी ठकूबाई टोपली घेऊन पाण्यात उतरली. बाई धावत गेल्या आणि भरलेली टोपली त्यांनी तिच्या हातातून ओढून उपडी केली.

"अगं, विष आहे त्यात!"

"मंग पोरांना काय घालू?" ठकूबाई ओरडली. "तुमचा वरन-भात घरान शिजतंय. आमचं जेवान याच पान्यान व्हतं. इचारलंत का कुनी आमाला?"

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी फळ्यावर बगळ्याशेजारी 'माणूस' लिहिलं.

त्या रविवारी त्या कल्याणच्या बाजारात गेल्या. जन्मात मासळीला हात न लावलेल्या या बाईने सुकट विकत घेतली, तांदूळ घेतले आणि ठकूबाईच्या दारात नेऊन ठेवले. मग दर रविवारी तेच. आमच्या आळीत कुजबुज झाली. मी म्हटलं, "बाई, निदान दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवा."

"तळ्यात औषध टाकायचं ठरलं, तेव्हा मी तिथे होते ना?" त्या म्हणाल्या. "मग मीच जायला हवं."

बाईंच्या घरमालकांनी त्यांना जागा सोडायला सांगितलं. 'पिशवीला वास येतो,' एवढंच कारण. ठाण्याला भावाकडे जायचं ठरवून बाईंनी सामान बांधलं. टांगा दारात उभा राहिला, तेवढ्यात ठकूबाई आली.

"बाय, ठान्याला कशाला जातेस? आमच्या घरान चल. जागा हाय."

घरमालक ओट्यावरून बघत होते. बाई कशाबशा हसल्या. "तुझी खाणारी तोंडं काय कमी आहेत? त्यात माझं कशाला?"

"तू आनून घातलंस, तवा आमी तोंडां मोजली का?"

सुमतीबाई टांग्यात चढल्या खऱ्या. पण टांगा हलताना वाकून ठकूबाईला म्हणाल्या, "रविवारी येते. माझंही पान वाढ."