माया कोण?

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंना अख्खं कॉलेज पाठीमागे भिंगबाई म्हणायचं, आणि ते त्यांना माहीत होतं. कोण म्हणतं याचाही त्यांना अंदाज होता. स्वभावच तसा. घरी नवऱ्याने न सांगता चहा करून आणला, तर कपाला हात लावण्याआधी त्या ओट्याखाली वाकून बघत, आज काय फुटलंय म्हणून. वर्गात कुणी पटकन उत्तर दिलं की आनंद मागाहून यायचा, शंका आधी.

गेल्या वर्षी या स्वभावाने त्यांना चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. एका मुलीवर त्यांनी कॉपीचा आळ घेतला, तो खोटा निघाला. प्राचार्यांनी सगळ्या मास्तरांदेखत सुनावलं की बाई, संशय आला तर पुरावा आणा, नाहीतर गिळून टाका. तेव्हापासून बाई गिळत होत्या. या वर्षी मात्र पुरावा आपल्या पायांनी चालत आला.

कोर्स होता ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा, अगदी पहिल्या पायरीचा. सकाळची बॅच, त्यात नोकरीधंद्यातली मंडळी जास्त. क्लास म्हणजे साचा आणि साच्यातून पडते ती वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, एवढं समजावायला बाईंना तीन आठवडे लागले. मग त्यांनी लॅबमध्ये आपापल्या वेळात करायला पुस्तकातला प्रश्न दिला: पेटीचा क्लास लिहा, लांबी, रुंदी, उंची घ्या आणि पेटीला गुंडाळायला किती कागद लागेल ते काढा.

तीस जणांचे प्रोग्रॅम आले. अठ्ठावीस जणांचं उत्तर एक, दोघांचं वेगळं. त्या दोघांचं मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळत होतं आणि बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त होतं. बाईंनी आत डोकावून पाहिलं. दोन्ही प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक मापापुढे एकच शब्द मिळवलेला होता: माया.

बाईंनी हजेरीपट वरपासून खालपर्यंत चाळला. माया नावाची कुणी नव्हती. मग ही बया कोण? पैसे घेऊन दुसऱ्यांचे प्रोग्रॅम लिहून देणारी आणि वर आपल्या नावाचा शिक्का मारणारी कुणी असावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. शिपायाला विचारलं, फाटकाशी कुणी अनोळखी बाई घुटमळते का. शिपाई म्हणाला, घुटमळणाऱ्या अनोळखी बायका रोजच असतात, तुम्हाला कुठली हवीय?

दोघांपैकी एक होता औषधाच्या दुकानातला माणूस. बोलण्यात चुणचुणीत, इंग्रजी फाडफाड. वर्गात पहिला हात त्याचाच. बाईंनी आधी त्याला गाठलं. तो जरासुद्धा अडखळला नाही. माया हे आपल्या मेहुणीचं नाव, म्हणाला, आणि व्हेरिएबलला कुठलंही नाव देता येतं असं मॅडम, तुम्हीच शिकवलंत. बाईंना ते पटलं. मग दुसरीच्या प्रोग्रॅममध्ये याची मेहुणी कशी शिरली? म्हणजे चोर सापडला.

ती दुसरी म्हणजे सगळा वर्ग जिला मावशी म्हणायचा ती. वय पन्नाशीला टेकलेलं, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं कापडाची कापणी. कारखान्यात आता कॉम्प्युटरवर चालणारं कापणीचं यंत्र येणार होतं. हा कोर्स जो पास होईल तो यंत्रावर, बाकीच्यांनी काज-बटणं करावीत, असा हुकूम निघाला होता. मावशी एका बोटाने टाइप करायची, एकेक अक्षर शोधून, भाजीतले खडे वेचावेत तशी. अशी बाई असा प्रोग्रॅम लिहील? बाईंनी प्राचार्यांच्या नावे पत्र लिहिलं, मावशीचं नाव घातलं आणि सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवूनही दिलं. कॉपी ठरली की नाव कटणार आणि पुन्हा प्रवेश नाही, हा नियम होता. प्राचार्य अकराला यायचे. त्याआधी गुन्हेगाराच्या तोंडून वदवून घ्यावं, म्हणून बाईंनी मावशीला बोलावलं.

"माया कोण?" बाईंनी थेट विचारलं.

मावशी गोंधळली. "कोण म्हणजे? माया ठेवायची असते, बाई."

"कुठे ठेवायची?"

"शिवणीत. मापाच्या बाहेर दोन बोटं कापड जास्तीचं सोडतो ना आम्ही, ती माया. नेमक्या मापाचा कागद कापलात, तर पेटीचं तोंड मिटेल का? पुस्तकवाल्याने कधी पेटी गुंडाळलेली नाही. मी मनात म्हटलं, विसरला असेल बिचारा."

बाईंनी जन्मात सुई धरली नव्हती; कपडे तयार आणायच्या, तुटलेलं बटण नवरा लावायचा. गोष्ट रचलेली तर नाही? त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं. "औषधवाला तर म्हणतो, ते त्याच्या मेहुणीचं नाव आहे."

मावशीने क्षणभर बाईंकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "मग मेहुणीला पेटीच्या लांबीत कशाला मिळवलंय त्याने?"

बाईंना हसू आलं नाही. हा प्रश्न आपल्याला सुचायला हवा होता, एवढंच त्यांना बोचलं. पण शंकेने कूस बदलली. देणारा आणि घेणारा एकाच शिक्षेचे, असाही नियम होता. तुम्ही त्याला दाखवलंत का, त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, नाही. नाही तर सगळेच म्हणतात. बाई तिला तशाच लॅबमध्ये घेऊन गेल्या, तिच्या नेहमीच्या जागेवर बसवलं, प्रोग्रॅम उघडायला लावला आणि स्वतः दोन रांगा मागे औषधवाल्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

मावशीची नजर अधू होती. तिने पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी केली होती. बाईंनी चष्मा काढून पाहिलं. चष्म्याविनाही सगळं वाचता आलं, स्वल्पविरामासकट.

अकराला पाच मिनिटं होती. बाई जवळजवळ पळतच प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. ते आज लवकर आलेले, पत्र हातात. या वेळी पुरावा आहे ना, त्यांनी विचारलं. आहे, बाई म्हणाल्या, पण नाव चुकलंय. पुढचं ऐकून घेताना प्राचार्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली आल्या नाहीत. बाईंनी पत्र परत घेतलं, मावशीचं नाव खोडलं, औषधवाल्याचं लिहिलं आणि खोडलेल्या जागी सही केली.

मावशी व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. काही झालं नाही, बाईंनी सांगितलं. मावशीचा विश्वास बसेना. दोनदा विचारून घेतलं, काही सही करायची आहे का, साहेबांना भेटायचं आहे का.

"उद्यापासून पहिल्या रांगेत बसा," बाई म्हणाल्या. "माझ्या टेबलाशेजारी."

मावशीने डोळे बारीक केले. "माझ्यावर लक्ष ठेवायला?"

बाईंनी थोडा विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमलं असतं.

"हो," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या मागे कोण बसतं त्याच्यावरही."